महबूल्यातला रोम, चौथा मजला

सर्व संबंधितांस, आणि ज्यांचा काडीचाही संबंध नाही अशांसही, अत्यंत गांभीर्यानं कळवण्यात येतं की, रोमचं प्रजासत्ताक दोन हजार वर्षांपूर्वी संपलं ही बातमी खोटी आहे. इतिहासकारांनी ती न तपासता छापली. कुवेतमध्ये महबूला नावाच्या वस्तीत, समुद्रापासून दोन गल्ल्या आत, एका इमारतीच्या चौथ्या मजल्यावर, लिफ्टमधून बाहेर पडल्यावर डाव्या हाताला ते अगदी परवापरवापर्यंत चालू होतं. नागरिक सात, खोल्या दोन, हॉल एक, संडास एक. त्या प्रजासत्ताकाचा मी दोनदा कॉन्सल होतो. माझ्या मुलीला हे सांगितलं की ती म्हणते, "डॅड, प्लीज." पण तुम्ही तरी हा परिच्छेद उभं राहून वाचावा अशी विनंती आहे.

हे सगळं ज्यांच्यामुळं झालं त्यांना आम्ही चाचा म्हणायचो. श्रीवर्धनकडचे. मिशी नीट फुटायच्या आत कुवेतला आलेले आणि अम्गऱ्याला, मोडीत निघालेल्या गाड्यांच्या यार्डात, सुटे भाग सांभाळण्यात केस पांढरे झालेले. कुठल्या गाडीचा उजवा आरसा कुठल्या रॅकवर आहे ते डोळे मिटून सांगायचे. बुटके, रुंद, नखांत कायमचं ग्रीस. आणि संतापलेले. चाचा संतापलेले नाहीत असा एकही क्षण माझ्या आठवणीत नाही. झोपेतसुद्धा ते कोणावर तरी चिडलेले असायचे, हॉलमध्ये झोपणाऱ्या दोघांनी हे शपथेवर सांगितलं आहे.

त्यांचा सर्वात मोठा शत्रू एक शब्द होता. 'सध्या.'

"गावच्या सोसायटीचा चेअरमन बघ," ते कांदा चिरता चिरता सुरू व्हायचे. "सध्या मीच बघतो म्हणाला. बावीस वर्षं सध्या! पोरगा शाळेत होता तेव्हा सध्या, पोराला पोर झालं तरी सध्या. आमच्या यार्डाचा फोरमन, सध्या चावी माझ्याकडे राहू दे म्हणाला. मेला राहू दे! अरे, ज्याला खुर्ची सोडायची असते तो तारीख सांगतो. ज्याला सोडायची नसते तो सध्या म्हणतो!"

आणि सुरी ओट्यावर आपटायचे. कांदा घाबरून आपोआप बारीक व्हायचा.

हा राग रोमपर्यंत कसा पोचला, त्याची गोष्ट सोपी आहे. यार्डात एक जुनी गाडी मोडीत आली. डिकी उघडली तर टॉवेलात गुंडाळलेली दोन जाडजूड इंग्रजी पुस्तकं निघाली. रोमचा इतिहास, खंड पहिला आणि खंड दुसरा. चाचांनी प्रामाणिकपणे वर्षभर मालकाची वाट पाहिली. कोणी आलं नाही. मग त्यांनी पहिला खंड उघडला. चाचांचं इंग्रजी जिल्हा परिषदेच्या शाळेतलं, तेही दहावीपुरतं, म्हणून शेजारी शब्दकोश. कंटेनरच्या केबिनमध्ये, दुपारच्या सुट्टीत, चार वर्षं वाचला. समासात सगळीकडे ग्रीसचे अंगठे. एखादं वाक्य पटलं की अंगठा, नाही पटलं की दोन अंगठे.

दुसरा खंड त्यांनी कधीच वाचला नाही. आमच्या फ्रिजचा पुढचा डावा पाय तुटला होता, त्या जागी तो होता. चारी बाजूंनी पॅकिंगची टेप मारलेला.

मी नवीन होतो तेव्हा विचारलं, "चाचा, हा नाही वाचला?"

"त्यात काय झालं ते मला ठाऊक आहे," ते म्हणाले. "म्हणून तर फ्रिजखाली आहे."

मी एका दवाखान्यात एक्स-रे काढतो. तेव्हा लग्न झालेलं होतं, पण बायकोला आणण्याइतका पगार नव्हता, म्हणून एका ओळखीच्यानं या फ्लॅटमध्ये खाट मिळवून दिली. पहिल्या संध्याकाळी चाचांनी मला समोर बसवलं आणि राज्यघटना समजावून सांगितली. सभेच्या वेळी ते शुद्ध पुस्तकी मराठी बोलायचे. चिडले की घसरायचे. त्यामुळं शुद्ध मराठी फार वेळ टिकायची नाही.

"या घरात मालक नाही," ते म्हणाले. "दर महिन्याला दोन कॉन्सल निवडले जातील. स्वयंपाकघरात एक दिवस एकाचा शब्द, दुसऱ्या दिवशी दुसऱ्याचा. दोघांपैकी कोणीही दुसऱ्याला अडवू शकतो. लागोपाठ दोन महिने कोणालाही पद नाही. मत मागायला येणाऱ्यानं पांढरा बनियन घालून यायचं, रोममध्ये उमेदवार पांढरं करून घेतलेलं वस्त्र घालायचे. डाग असला तर उमेदवारी बाद."

"आणि दोघांनी एकमेकांना अडवलं तर?"

"तर काही होणार नाही!" चाचा अभिमानानं म्हणाले.

आणि खरंच काही झालं नाही. मी पहिल्यांदा कॉन्सल झालो तेव्हा माझा जोडीदार होता नागपूरचा एक सेफ्टी ऑफिसर. मी अंडाकरी म्हटलं, त्यानं अडवली. त्यानं भरली वांगी म्हटली, मी अडवली. तीन दिवस सातही नागरिकांनी खुबूस, म्हणजे इथली ती गोल रोटी, दह्याला लावून खाल्ली. चौथ्या दिवशी साताऱ्याचा नर्स रडकुंडीला येऊन म्हणाला, "चाचा, हे कसलं राज्य? उपाशी मारताय की!"

"उपाशी राहिलास," चाचा कडाडले, "पण कोणाच्या मेहरबानीवर राहिलास काय? सांग ना मेल्या! राहिलास काय?"

नर्सानं दही संपवलं.

पण या सगळ्यावर कडी होती ट्रिब्यूनची. रोममध्ये सामान्य माणसांचा एक प्रतिनिधी असायचा. सैन्य नाही, खजिना नाही, काही नाही. त्याचं सगळं बळ एका शब्दात. कॉन्सल काहीही करायला निघाला आणि हा मध्ये उभा राहून 'मनाई' म्हणाला, की विषय संपला. आमच्याकडे हे पद लातूरकडच्या एका लिफ्ट मेकॅनिकला दिलं होतं. का, तर त्याला दुसरं काहीच नको होतं. तो बोलायचाच नाही. सकाळी "हं", रात्री "हं". फोनवर बायकोशीसुद्धा "हं" आणि "बरं", एवढंच. तीन वर्षांत त्यानं एकदाही मनाई केली नव्हती. चाचांना त्याची चिंता नव्हती. "बंदूक रोज उडवायची नसते," म्हणायचे.

आता खरा अन्याय ऐका. रोमच्या ट्रिब्यूनला घराचं दार रात्रंदिवस उघडं ठेवावं लागायचं, कुणी गांजलेला कधीही आला तर आत येता यावा म्हणून. चाचांना 'उघडं ठेवणं' हे ढिलं काम वाटलं. उघडं दार लागू शकतं. त्यांनी स्क्रू ड्रायव्हर घेऊन लातूरकराच्या खोलीचं दारच बिजागऱ्यांसकट काढलं आणि बाल्कनीत उभं करून ठेवलं. लातूरकर म्हणाला, "हं."

त्या खोलीत दुसरी खाट माझी होती. मी कुठल्याही पदावर नव्हतो. मी नुसता झोपायला आलो होतो. तीन वर्षं मी बिनदाराच्या खोलीत कपडे बदलले, हॉलकडे पाठ करून. याबद्दल मला कुठलाही इतिहासकार भेटला तर चार शब्द सुनवायचे आहेत.

एकदा मी त्यांना खिंडीत पकडलं असं मला वाटलं. शुक्रवार होता, चाचा झुबैदी साफ करत होते. झुबैदी म्हणजे आपलं पापलेट. मी सहज म्हटल्यासारखं केलं, "चाचा, एवढं ते थोर रोम. पण गुलाम होते ना हो तिथं? बायकांना मत नव्हतं. सकाळी उठून लोक बड्या माणसाच्या दारात मुजऱ्याला उभे राहायचे, असं मी कुठंतरी वाचलं."

मला वाटलं, आता सुरी आपटणार. नाही आपटली.

"होते," ते म्हणाले. "खंडात आहे ते सगळं. तिथं दोन अंगठे मारलेत मी. दारातला मुजरा म्हणजे काय? वास्ताच रे, वशिला. तू काय वेगळं करतोस? ओळखीचा माणूस आत असल्याशिवाय इथं तुझा एक कागद हलतो काय?" मग मासा उलटा केला. "आणि गुलामाचं म्हणशील तर माझा पासपोर्ट अकरा वर्षं यार्डाच्या मालकाच्या कपाटात होता. बाप गेला तेव्हा मागितला. म्हणाला, सध्या राहू दे, पुढच्या महिन्यात बघू."

नळ चालू होता. त्यांनी तो बंद केला.

"तिथं नागरिकानं गुलामाला रीतसर सोडला, की तो नागरिक व्हायचा. मत द्यायचा. मी इथं एकेचाळीस वर्षं आहे. मी कोणाला मत देऊ? तुम्हा सहा जणांना देतो. भरली वांगी की अंडाकरी, त्यावर देतो. देऊ दे की रे मला!"

त्यानंतर मी त्यांना खिंडीत पकडायचा नाद सोडला.

आता मुख्य संकटाकडे येतो. ऑक्टोबरचे शेवटचे दिवस. एका शनिवारी सकाळी हारिस, म्हणजे इमारतीचा रखवालदार, कागद घेऊन वर आला. इमारत नव्या मालकानं घेतली होती. एका फ्लॅटमध्ये सहाच माणसं. पुढच्या रविवारपर्यंत सातवा माणूस बाहेर, नाहीतर सगळे बाहेर. हारिस भला माणूस होता, कागद देताना त्यानं छातीवर हात ठेवला.

सभा बसली. सातवा कोण? दुसऱ्या खोलीतले खेडचे दोघे भाऊ म्हणाले, आम्ही जोडीनं राहतो. नर्स म्हणाला, माझी नाइट ड्यूटी, मी घरात असतोच कुठं? मी म्हणालो, मला आधीच दार नाही. नागपूरकर काही बोलला नाही. त्याची बायको आणि मुलगी महिन्याभरात येणार होत्या, तो स्वतंत्र फ्लॅट शोधत होता, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. पण तो बोलला नाही, म्हणून आम्हीही बोललो नाही. त्या महिन्याचे कॉन्सल म्हणजे खेडचे दोघे भाऊ. त्यांनी दुपारपर्यंत एकमेकांचे चार प्रस्ताव अडवले.

शेवटी चाचा उठले. "घटनेत तरतूद आहे," ते म्हणाले. "संकटाच्या वेळी एक माणूस नेमायचा. त्याचा शब्द शेवटचा. अपील नाही. ट्रिब्यूनची मनाईही चालायची नाही. डिक्टेटर."

नर्स दचकला. "अहो चाचा, हा शब्द वाईट आहे!"

"शब्द वाईट नाही, मुदत वाईट असते. रोममध्ये सहा महिने. त्यांच्यातला एक तर शेतात नांगर धरून होता. त्याला बोलावला, त्यानं लढाई जिंकली आणि पंधराव्या-सोळाव्या दिवशी सगळं परत देऊन नांगराकडे गेला. आपल्याला सहा दिवस पुरेत. आज शनिवार. गुरुवारी सूर्य मावळला की पद संपलं."

नागपूरकराला नेमलं. हुशार होता, गोड बोलायचा आणि अरबी येत होती. चाचांनी स्वतः हॉलच्या एसीचा रिमोट त्याच्या हातात ठेवला. आमच्याकडे राजदंड तोच.

आणि खरं सांगतो, त्या सहा दिवसांत आम्ही राजासारखे राहिलो. तीन महिने गळणारा नळ एका दिवसात थांबला. गीझर दुरुस्त झाला. भांडी कोणी घासायची याचा तक्ता लागला आणि भांडी घासलीही गेली. एसी बावीसवर. वाद नाहीत, सभा नाहीत, वेळेवर वरणभात. चाचा कोपऱ्यात बसून धुसफुसत होते, पण नियमात होतं.

बुधवारी निकाल लागला. नागपूरकरानं घसा साफ केला आणि म्हणाला, "हे पाहा, मलेही वाईट वाटून राहिलं. पण चाचांचं वय झालं, यार्डात त्यांची केबिन आहे, तिथं एसी बी आहे. बाकीच्यांले कुठीच जागा नाही. चाचा, शनिवारपर्यंत."

एकोणीस वर्षं चाचांची खाट त्या हॉलच्या खिडकीपाशी होती. फ्लॅटमध्ये बाकी सगळे येऊन गेले, बदलले, लग्नं करून निघून गेले. ती खाट हलली नव्हती. आणि केबिन म्हणजे पत्र्याचा कंटेनर, भोवती मैलभर मेलेल्या गाड्या.

आम्ही चाचांकडे पाहिलं. आता फुटणार. ते म्हणाले, "हुकूम कायदेशीर आहे." आणि खाटेखालून बॅग ओढली.

मी कोणावर रागवावं हे मला त्या क्षणी ठरवता येईना. जो स्वतः महिन्याभरात जाणार होता आणि तरी म्हाताऱ्याला घालवत होता, त्या नागपूरकरावर? घटना लिहून स्वतःच तिच्यात सापडलेल्या चाचांवर? की पायाची नखं बघत बसलेल्या आम्हा पाचांवर?

गुरुवारी सूर्य मावळला. चाचा खिडकीत उभे राहून तो पूर्ण मावळेपर्यंत बघत होते. मग वळले आणि हात पुढे केला. "रिमोट."

नागपूरकर हसला. "काऊन घाई करून राहिले चाचा? रविवारी हारिस येणार, त्याच्याशी बोलाले कोणी पाहिजे का नाही? सध्या राहू द्या माझ्याकडं."

सध्या.

मी अजून तो शब्द त्या हॉलमध्ये पडलेला पाहू शकतो. आणि लाजेनं सांगतो, पुढचं वाक्य माझं होतं. "राहू दे ना चाचा सध्या, चांगलं चाललंय की." गीझरचं गरम पाणी माझ्या तोंडून बोलत होतं.

चाचांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी नागपूरकराच्या नाकासमोर बोट धरलं, ग्रीसचं. "माझं जाणं कायदेशीर आहे. तुझं राहणं बेकायदेशीर आहे. मी शनिवारी जाणार. तू आत्ता उठायचं!"

"नाही उठलो तर?"

"तर रोममध्ये काय केलं ते उद्या दाखवतो तुला!"

रोममध्ये काय केलं होतं? सामान्य लोकांनी दगड उचलला नाही, तलवार उपसली नाही. सगळेच्या सगळे शहर सोडून एका टेकडीवर जाऊन बसले. राहा म्हणाले मोठ्या लोकांनो, तुमच्या शहरात एकटे.

महबूल्याच्या आसपास टेकडी नाही. म्हणून शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाल्यावर चाचांनी प्रेशर कुकर, त्याची शिट्टी, तवा, मसाल्याचा डबा आणि साफ केलेल्या झुबैदी असं सगळं उचललं आणि अबू हलीफाच्या किनाऱ्याकडे निघाले. आपल्या दोन्ही बॅगाही घेतल्या. म्हणजे तिथूनच पुढं अम्गऱ्याला. आम्ही पाचही जण मागून गेलो. तत्त्वासाठी गेलो असं लिहायला मला फार आवडलं असतं. निम्मे माशांसाठी गेलो. पण निम्मे, मी धरून, त्या बॅगा पाहवत नव्हत्या म्हणून गेलो. लातूरकरानं गॅसची छोटी शेगडी डोक्यावर घेतली होती. बोलला अर्थातच काही नाही.

वाळूवर बसलो. आजूबाजूला कुटुंबं, मुलं, चहाचे थर्मास. आणि मध्ये आम्ही, रोमची बंडखोर प्रजा, कुकरभोवती. तासाभरानं एक डिलिव्हरीवाला मोटरसायकलवरून आला आणि सहा बिर्याण्या देऊन गेला. नागपूरकरानं पाठवल्या होत्या.

खेडच्या धाकट्यानं झाकण उघडलं. वास आला.

"हात लावशील तर!" चाचा गरजले. शेजारची एक बाई मुलाला घेऊन चार हात लांब सरकली. "असंच केलं होतं तेव्हा पण! टेकडीवर एक गोड बोलणारा पाठवला. तो म्हणाला, शरीराचे हातपाय पोटावर रुसले, पोटाला घास देईनात, आणि शेवटी हातपायच वाळले. मोठे लोक म्हणजे पोट, तुम्ही हातपाय. वा! ऐकलं लोकांनी. पण फुकट नाही परत गेले. आधी ट्रिब्यून मागून घेतला, मग गेले. आणि तुम्ही मेल्यांनो एका बिर्याणीत जाणार?"

नर्स क्षीणपणे म्हणाला, "एका नाही चाचा, सहा आहेत."

तरी कोणी हात लावला नाही. ही माझ्या आयुष्यातली सर्वात मोठी राजकीय कृती आहे, तिची नोंद व्हावी.

ऊन उतरायला लागलं तेव्हा नागपूरकर स्वतः आला. एका हातात रिमोट, दुसऱ्या हातात दुसरा खंड. टेप फाडलेली, पुठ्ठ्यावर फ्रिजच्या कोपऱ्याचा खोल वळ.

"फ्रिज तिरपा झाला," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याचा आवाज सेफ्टी ऑफिसरसारखा वाटला नाही. "घरात कोणीच नव्हतं. एसी बी अठरावर केला. मग म्हटलं बघावं तरी काय आहे यात. चाचा, इथं तर पहिल्या पानापासून एकमेकांले मारून राहिले! जो येतो तो खुर्ची सोडतच नाही, अन मग त्याले मारतात, अन मारणारा बी सोडत नाही. मले नाही लागत बावा हा रिमोट." त्यानं तो वाळूत, कुकरशेजारी ठेवला. "अन मीच जातो. बायको यायलीच आहे. ऑफिसच्या मित्राकडं महिनाभर पडतो. मी आधीच बोलाले पाहिजे होतं. चाचा, माफ करा."

आम्ही सुटलो. नर्सानं टाळ्या वाजवल्या, खेडच्या थोरल्यानं बिर्याणीचं झाकण पुन्हा उघडलं. मी चाचांची एक बॅग उचलून खांद्याला लावली, घरी न्यायला.

"ठेव खाली," चाचा म्हणाले.

"अहो चाचा, मिटलं की! तो जातोय!"

"तो आज मुदत संपल्यावर जातो, त्याचा विषय मिटला. चांगलं केलं त्यानं." नागपूरकराच्या डोक्यावर त्यांनी ग्रीसचा हात ठेवला, क्षणभर. मग बॅग माझ्या खांद्यावरून काढून घेतली. "पण हुकूम बुधवारचा आहे. बुधवारी तो पदावर होता. अपील नाही, असं मीच लिहिलंय. आता माझ्यासाठी वाकवलं, की झाला दुसरा खंड सुरू."

"अहो, पण माणसं सहाच राहतायत ना! मग तुम्ही कशाला?"

"माणसं मोजून कायदा बदलतो काय रे? उद्या दुसरा येईल, तो म्हणेल, चाचांसाठी वाकवला तर माझ्यासाठी वाकवा!" चाचांचा आवाज चिरकला. ते संतापले होते, पण या वेळी डोळे त्या संतापात सामील नव्हते. "एवढी वर्षं मी तुम्हाला काय शिकवलं? मला आवडतं काय त्या पत्र्यात जायला? मेल्यांनो, मला आवडतं काय?"

नागपूरकर रडवेला झाला. "मी मागं घेतो ना हुकूम!"

"तू आता कोणी नाहीस. तुला मागं घेता येत नाही. आता कॉन्सलांनी अंमल करायचा." ते खेडच्या भावांकडे वळले. "हुकूम द्या. म्हणा, चाचा, निघा."

दोघं भाऊ एकमेकांकडे बघत राहिले. चाचा कंबरेवर हात ठेवून उभे. "म्हणा!"

"चाचा..." थोरला कुजबुजला. "नि... निघा."

चाचांनी मान हलवली, पुरत्या समाधानानं, आणि दोन्ही बॅगा उचलून रस्त्याकडे वळले. वाळूत त्यांचे बूट रुतत होते, त्यामुळं ते हळू चालत होते. आम्ही पाच सुशिक्षित माणसं, दोन माजी कॉन्सल धरून, तोंडं उघडी टाकून बघत होतो. हुकूम आता डिक्टेटरचा राहिला नव्हता, कॉन्सलचा झाला होता, आणि कॉन्सलला अडवणारं एक पद या घटनेत आहे, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

मागं कुकर कलंडल्याचा आवाज झाला. लातूरकर उभा राहिला होता. तो धावला, चाचांच्या पुढं गेला, दोन्ही हात पसरून वाटेत उभा राहिला, आणि तीन वर्षांत आम्ही कधी ऐकला नव्हता अशा आवाजात, सगळ्या अबू हलीफाच्या किनाऱ्याला ऐकू जाईल असा ओरडला:

"मनाई! नाही जायचं म्हंजे नाही जायचं! तीन वर्षं झालं बिगरदाराचा झोपायलोय म्या, ते काय हवा यावी म्हणून व्हय?"